वाऱ्याला पाठ देऊन कुत्रा सोडू नका: पिसांचा माग शिकवताना या चुका टाळा

ग्वाल्हेरात लष्कर भागातल्या जुन्या मराठी घरांत शिकारीच्या गोष्टी निघाल्या की एखादा पॉइंटर जातीचा कुत्रा त्यात हमखास येतो. तितर कुणाला दिसायच्या आधीच पुढचा एक पाय उचलून पुतळ्यासारखा थबकणारा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर ते दिवस गेले, पण लॅब्रेडोर किंवा कॉकर स्पॅनियलचं नाक काही निवृत्त झालेलं नाही. कापडी पिशवीत कोंबडीची पिसं भरून ती गवतात लपवा, तोच खेळ सुरू होतो. आमचा बाजी मात्र तीन महिने भलतीकडेच हुंगत फिरायचा. गाढव आहे, असं मी ठरवूनही टाकलं होतं. नंतर कळलं, चूक माझी होती.

मी त्याला पाठीवर वारा घेऊन सोडत होतो. वास पक्ष्यापाशी बसून राहत नाही, वाऱ्याबरोबर वाहत जातो. पक्ष्यापाशी अरुंद आणि पुढे पसरत जाणारा पट्टा होतो त्याचा. पाठीवर वारा असेल तर तो पट्टा कुत्र्याच्या पुढच्या बाजूला राहतो आणि पिशवी ओलांडून जाईपर्यंत त्याला गंधही लागत नाही. म्हणून आधी चिमूटभर कोरडी माती सोडून वारा बघा आणि कुत्र्याला वाऱ्याकडे तोंड करून सोडा. तो नागमोडी धावेल, मध्येच मान वर करून झटकन वळेल. पट्ट्याची कड लागली की असंच होतं. आपल्याला वाटतं भरकटला, आणि आपण हाक मारतो. नेमकी तेव्हाच मारू नका.

पिशवी ठेवायला चालत गेलात तर तुमच्या पावलांचा माग जमिनीवर राहतो. हुशार कुत्रा पिसं सोडून तुमच्याच मागाने थेट तिथे पोहोचतो आणि आपण खूश होतो. पिशवी दुरून फेका, किंवा लांबचा वळसा घालून पलीकडच्या बाजूने ठेवा. रोज एकाच झुडपाखाली ठेवाल तर तो नाक नाही, आठवण वापरेल.

ग्वाल्हेरच्या मे महिन्यात सकाळी नऊनंतर हा खेळ नकोच. धापा टाकणारा कुत्रा तोंडाने श्वास घेतो, मग हुंगणार कधी? पहाटे जमिनीत थोडी ओल असते, तेव्हा वासही चांगला टिकतो.

कारवानी किंवा मुधोळ पाळून ‘याला नाकच नाही’ म्हणणारेही भेटतात. अहो, तो नजरेने शिकार करणारा कुत्रा. त्याला नाक असतं, पण त्याचा पहिला भरवसा डोळ्यांवर.

आणि नाकाला लागलं नाही म्हणजे माळावर पक्षीच नाही, असं धरू नका. जमिनीवर घरटं करणाऱ्या काही पाणपक्ष्यांच्या पिसांवरचं मेण अंडी उबवण्याच्या काळात बदलतं. बदललेलं मेण हवेत कमी विरतं, म्हणून त्याचा वास कुत्र्यालाही कमी जाणवतो. आपल्याकडे टिटवी उन्हाळ्यात उघड्या जमिनीवरच अंडी घालते. ती डोक्यावर घिरट्या घालत ओरडू लागली की मुकाट्याने कुत्र्याच्या गळ्यात पट्टा लावा आणि दुसरं मैदान गाठा.