मऊ ब्रेड ताजा असतोच असं नाही

परभणीहून २००८ साली नाशिकला अंबडच्या एमआयडीसीत उमेदवारीला आलो, तोवर ब्रेड म्हणजे आजारी माणसाला दुधात बुडवून द्यायची वस्तू, एवढंच मला ठाऊक होतं. सिडकोत खोलीवर चौघं राहायचो. पहिल्या पाळीला भाकरी कोण थापणार? मग रोज ब्रेड-आम्लेट. एकदा हाताला मऊ लागला म्हणून एक पुडा आणला. दोघांचं खाऊन झाल्यावर मधल्या स्लाइसवर हिरवी बुरशी दिसली. एकाचे दोन खाडे पडले, आणि उमेदवाराला खाडा किती महाग पडतो हे नव्याने आलेल्यांना सांगायला नको.

दाबून बघायची परीक्षा लादीपावाची आहे, पुड्यातल्या ब्रेडची नाही. पुड्यातल्या ब्रेडमध्ये मऊपणा टिकवणारे घटक असतात. बुरशी लांबवायला बहुतेक वेळा कॅल्शियम प्रोपिओनेटही असतं, घटकांच्या यादीत त्याचा क्रमांक २८२. त्यामुळे चार दिवसांचा ब्रेडही बोटाला ताजाच वाटतो. तिथे तारीखच वाचायची, बनवल्याची आणि मुदतीची, दोन्ही. छपाई पुसट असेल तर पुडा उजेडात धरा, तरी वाचता आली नाही तर परत ठेवा. जुना माल आधी खपावा म्हणून दुकानदार तो पुढे मांडतो, म्हणून हात मागच्या पुड्याला घाला. प्लास्टिकला आतून पाण्याचे थेंब दिसले तर तो घेऊ नका, अशा ओलाव्यात बुरशी लवकर धरते. चिमट्याच्या किंवा पट्टीच्या रंगावरून वार ओळखायची युक्ती मोबाइलवर फिरते. ती अमेरिकेतल्या काही बेकऱ्यांची पद्धत आहे, इथे तिच्यावर विसंबू नका.

बेकरीतल्या सुट्या लादीवर तारीख नसते, तिथे मात्र डोळे आणि बोटं वापरा. पाव लादीतून सोडवताना ताज्याची बाजू लांब धाग्यांसारखी सुटते, शिळ्याचा चुरा पडतो. अंगठ्याने हलकं दाबलं तर ताजा पुन्हा वर येतो. पण दाबायचा तो आपण घेतलेलाच, दुसऱ्याच्या वाटणीचा नाही. रविवारी मिसळीचा बेत असेल तर आदल्या रात्री पाव आणून ठेवू नका. झणझणीत रश्शात कडक पाव बुडवणं म्हणजे मिसळीवर अन्याय आहे.

कडक झालेला आणि खराब झालेला यांत फरक आहे, तो नीट समजून घ्या. कडकपणा येतो तो पिठातला स्टार्च पुन्हा घट्ट होतो म्हणून. असा पाव तव्यावर गरम केला की मऊ होतो, गरम असतानाच खावा. फ्रिजमध्ये ही क्रिया आणखी वेगाने होते, म्हणून दोन दिवसांत संपणारा ब्रेड बाहेरच ठेवा. जास्त दिवस ठेवायचा असेल तर थेट फ्रीजरमध्ये. बुरशीचा एक ठिपका दिसला तरी मात्र अख्खा पुडा टाका. वरचा भाग कापून उपयोग नाही, तंतू आत पसरलेले असतात. दमट हवेत कधी कधी ब्रेड आतून चिकट होतो, तार धरतो आणि त्याला पिकून गेलेल्या फळासारखा वास येतो. तोही टाकायचाच.

पहिल्याच आठवड्यात आपल्या दुकानदाराला विचारून घ्या, “काका, ब्रेडची गाडी कधी येते?” आमच्याकडे ती सकाळी साडेसहाला येते, पहिल्या पाळीच्या बसच्या जरा आधी.