सिम्युलेशनचं उत्तर पटण्यासारखं आलं? मग आधी या चुका तपासा

भिशीत आपला नंबर सहाव्या महिन्याच्या आत लागेल का, लुडोत सहा पडायला किती वाट बघावी लागेल, लोकलच्या उशिरापायी महिन्यात किती लेट मार्क बसतील, असल्या प्रश्नांसाठी सूत्रं पाठ असण्याची गरज राहिलेली नाही. गूगल शीट्समध्ये किंवा एक्सेलमध्ये रँडम आकडे पाडायचे, फॉर्म्युला दहा हजार ओळी खाली ओढायचा आणि हवी ती घटना किती ओळींत घडली ते मोजायचं. एक भागाकार केला की संभाव्यता मिळाली. यालाच सिम्युलेशन म्हणतात.

कल्पना जुनीच आहे. १९४६ मध्ये गणितज्ञ स्तानिस्लाव उलाम आजारपणातून उठत होते आणि वेळ घालवायला पत्त्यांचा सॉलिटेअर लावत होते. डाव सुटण्याची शक्यता हिशेबाने काढणं फार किचकट पडू लागलं, तेव्हा त्यांच्या मनात आलं की त्यापेक्षा शंभर डाव लावावेत आणि किती सुटतात ते मोजावं. गणितज्ञ जॉन फॉन नॉयमन यांना त्यांनी हे सांगितलं, अमेरिकेतल्या लॉस अलामॉसच्या अणुसंशोधनात ती युक्ती कामाला आली, आणि पुढे तिला मोंटे कार्लो पद्धत हे नाव पडलं.

पद्धतीबद्दल तक्रार नाही. पण ती राबवताना चूक झाली तर कुणी सांगत नाही. कंस राहिला तर शीट लगेच एरर दाखवते. फासाच वाकडा बनवला तर ती मुकाट्याने उत्तर देते, तेही चार दशांश स्थळांपर्यंत. खालच्या बहुतेक चुका अशाच, आवाज न करणाऱ्या आहेत.

वाकडा फासा

एक ते सहा आकडे हवेत म्हणून पुष्कळ जण रँड फंक्शनच्या आकड्याला पाचने गुणतात, एक मिळवतात आणि राउंड करतात. रँड शून्य ते एकमधला आकडा देतं, त्यामुळे उत्तर एक ते सहामध्येच राहतं आणि सगळं ठीक दिसतं. पण २ यायला राउंड करण्याआधीचा आकडा १.५ ते २.५ मध्ये कुठेही पडला तरी चालतो, तर १ यायला तो १ ते १.५ मध्येच पडावा लागतो. टोकाच्या १ आणि ६ च्या वाट्याला अर्धीच जागा. या फाशावर १ आणि ६ प्रत्येकी १० टक्के वेळा पडतात आणि मधले चार आकडे प्रत्येकी २० टक्के. लुडोची पहिली सोंगटी बाहेर काढायला खऱ्या फाशाला सरासरी ६ फेकी लागतात, या फाशाला १० लागतील.

सरासरी काढून हा फासा तपासलात तर ती ३.५ च्या आसपासच येईल आणि फासा पास होईल. म्हणून सरासरीवर विसंबू नका. प्रत्येक आकडा किती वेळा पडला ते काउंटइफने वेगवेगळं मोजा. ६,००० फेकींत प्रत्येक आकडा हजाराच्या आसपास यावा, पन्नास-साठ इकडेतिकडे चालतील. सहाही आकडे अगदी हजार-हजारच आले तर मात्र नक्की काहीतरी बिघडलंय. रँडम आकडे इतक्या शिस्तीत वागत नाहीत.

उपाय सोपा आहे: राउंडच्या नादी न लागता रँडबिट्वीन वापरायचं आणि त्याला १ आणि ६ ही दोन टोकं द्यायची. पायथन या प्रोग्रामिंग भाषेत काम करणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. पायथनच्या स्वतःच्या रँडम मॉड्यूलमधलं रँडइंट दोन्ही टोकं धरतं, पण नमपाय या आकडेमोडीच्या लायब्ररीतलं त्याच नावाचं फंक्शन वरचं टोक सोडून देतं. तिथे १ आणि ६ लिहिलंत तर सहा कधीच पडत नाही. आणि हे सहज लपतं: दोन फाशांची बेरीज ७ येण्याची शक्यता खऱ्या फाशांवर १६.७ टक्के असते, सहा नसलेल्या या फाशांवर बरोबर १६ टक्के. एवढा फरक बघून कुणाला संशय येणार?

बेरजेचीच दुसरी चूक म्हणजे दोन फाशांऐवजी थेट २ ते १२ मधला एक आकडा पाडणं. मग बारा आणि सात सारख्याच वेळा येतात. खेळात सात सहा प्रकारे येतो आणि बारा एकाच. दोन फासे म्हणजे दोन कॉलम, इथे काटकसर नको.

एकाच प्रश्नाला दोनदा नाणं

समजा तुमच्या अंदाजाने लोकल ६० टक्के दिवस वेळेवर असते, ३० टक्के दिवस पाच मिनिटं उशिरा आणि १० टक्के दिवस पंधरा मिनिटं उशिरा. फॉर्म्युला लिहिताना इफमध्ये इफ घातला जातो: रँड ०.६ पेक्षा लहान असेल तर वेळेवर. नाहीतर रँड ०.९ पेक्षा लहान असेल तर पाच मिनिटं, नाहीतर पंधरा. वाचायला बरोबर वाटतं. पण रँड दुसऱ्यांदा लिहिलं की नवा आकडा पडतो. उरलेल्या ४० टक्क्यांपैकी ९० टक्के, म्हणजे ३६ टक्के दिवस पाच मिनिटांकडे जातात आणि पंधरा मिनिटांसाठी उरतात फक्त ४. ज्या दिवसांपायी लेट मार्क बसतो तेच दिवस निम्म्याहून कमी झाले.

रँड एका वेगळ्या सेलमध्ये एकदाच पाडा आणि दोन्ही इफना त्याच सेलकडे बघायला लावा. उलट बाजूने, दोन स्वतंत्र गोष्टींसाठी एकच सेल वापरू नका. नाहीतर लोकल उशिरा त्या दिवशी रिक्षाही उशिरा, असं नातं तुमच्या नकळत तयार होतं.

भिशीची चिठ्ठी परत डब्यात

बारा जणींची भिशी, दर महिन्याला एक चिठ्ठी. शीटमध्ये बारा ओळी आणि प्रत्येक ओळीत १ ते १२ मधला रँडम आकडा, असं केलं तर एकीचं नाव तीनदा येईल आणि दुसरीचं येणारच नाही. वर्ष संपेपर्यंत ठरावीक एकीचं, समजा तुमचंच, नाव एकदाही न लागण्याची शक्यता या शीटवर तब्बल ३५ टक्के निघते. अशी भिशी दुसऱ्या वर्षी चालणार नाही. खऱ्या भिशीत निघालेली चिठ्ठी परत डब्यात जात नाही. म्हणून बारा नावांपुढे बारा रँड आकडे पाडा आणि त्या आकड्यांवर यादी सॉर्ट करा, की सोडतीचा क्रम मिळतो. सॉर्ट करण्याआधी आकडे कॉपी करून फक्त मूल्यं पेस्ट करा, कारण शीटमध्ये कुठेही काही बदललं की रँड पुन्हा पडतं.

खरं तर या प्रश्नाला सिम्युलेशन लागतच नाही. बारापैकी कुठल्याही महिन्यात नंबर लागण्याची शक्यता बाराव्या हिश्शाएवढीच आणि पहिल्या सहा महिन्यांत लागण्याची निम्मी. पण ज्याचं उत्तर आधीच ठाऊक आहे असा प्रश्न शीटला घालून बघणं हीच तिची उत्तम परीक्षा असते. अशा परीक्षेसाठी आणखी दोन आकडे जवळ ठेवा. २३ जणांत किमान दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला असण्याची शक्यता ५०.७ टक्के. दहा-बारा जणांनी आणलेल्या भेटवस्तू गोळा करून चिठ्ठ्यांनी वाटल्या, तर कुणालाच स्वतःची वस्तू परत न मिळण्याची शक्यता ३६.८ टक्के. तुमची शीट यांच्या जवळपास येत नसेल तर पुढे जाऊ नका.

आजचा दिवस कालच्याला ओळखतो

आता जरा जड चूक, जी हुशार माणसंही करतात. ऑक्टोबरात सोयाबीन काढून शेतात पडलंय, परतीचा पाऊस अजून रेंगाळतोय आणि सलग चार दिवस कोरडे हवेत. हिशेबासाठी धरू की त्या हंगामात निम्मे दिवस पावसाचे असतात. शीटमध्ये रोज नाणं उडवलं तर चारही दिवस कोरडे जाण्याची शक्यता निघते ६.२५ टक्के.

पण पाऊस असा रोज नव्याने नाणं उडवत नाही. तो लागला की दोन-चार दिवस लागतो आणि उघडला की उघडलेलाच राहतो. नियम असा करू: उद्याचा दिवस आजच्यासारखाच असण्याची शक्यता ८० टक्के. लांबच्या हिशेबात निम्मे दिवस अजूनही पावसाचेच राहतात, एकूण टक्केवारीत काडीचाही फरक नाही. मात्र चार दिवस सलग कोरडे जाण्याची शक्यता आता २५.६ टक्के होते, चौपटीहून जास्त. आणि सलग चार दिवस भिजण्याची शक्यताही तेवढीच वाढते, हे विसरून चालणार नाही.

८० हा आकडा मी उदाहरणासाठी घेतलाय. तुमच्या गावचा आकडा पर्जन्यमापकाच्या जुन्या नोंदींतून काढता येतो: कोरड्या दिवसानंतरचे दिवस वेगळे काढायचे आणि त्यातले किती कोरडे गेले ते मोजायचं. शीटमध्ये बदल एवढाच की आजच्या ओळीचा फॉर्म्युला वरच्या ओळीकडे बघतो. पाऊस, बाजारभाव, घरातलं आजारपण, रस्त्यावरची कोंडी, हे सगळं या जातीचं आहे. नाणं आणि फासा यांनाच काल काय झालं ते आठवत नसतं.

कुणाची वाट मोजताय

बसच्या थांब्यावर सरासरी किती वेळ उभं राहावं लागतं? समजा दोन बसमधलं अंतर आलटून पालटून ५ आणि १५ मिनिटं असतं. सरासरी अंतर १० मिनिटं, म्हणून वाट ५ मिनिटांची, असं चटकन वाटतं. शीट तेच सांगते, जर तुम्ही आधी रँडमने ५ किंवा १५ मधलं एक अंतर निवडलं आणि मग त्या अंतरात एक क्षण निवडला.

प्रवासी मात्र अंतर निवडत नाही, तो घड्याळातल्या कुठल्याही क्षणी थांब्यावर येतो. तासातली पाऊण वेळ १५ मिनिटांच्या अंतरांनीच व्यापलेली असल्यामुळे तो चारपैकी तीन वेळा लांबच्या अंतरात सापडतो आणि सरासरी साडेसात मिनिटं थांबतो. उरलेल्या वेळी अडीच. एकूण सरासरी ६.२५ मिनिटं. बस कंपनीचे आकडे खरे आणि प्रवाशाची तक्रारही खरी. सिम्युलेशन दुरुस्त करायचं तर आधी पूर्ण दिवसाचं बसचं वेळापत्रक रँडमने तयार करा, मग प्रवाशाची यायची वेळ त्यावर टाका. क्रम उलटला की उत्तर बदलतं.

मनासारखं आलं की थांबणं

किती ओळी पुरे? ठोकताळा असा: १ ला ओळींच्या संख्येच्या वर्गमूळाने भागा, साधारण तेवढी चूक धरून चाला. १०० ओळींना १० टक्के इकडेतिकडे, १,००० ला ३, दहा हजारांना १, दहा लाखांना ०.१. चूक निम्मी करायची तर ओळी चौपट लागतात. दोन फासे २४ वेळा फेकून एकदा तरी दोन्हींवर सहा पडतील का, हा जुगाऱ्यांचा जुना प्रश्न १६५४ मध्ये पास्कल आणि फर्मा या फ्रेंच गणितज्ञांच्या पत्रव्यवहारामागे होता. उत्तर आहे ४९.१ टक्के. पैज निम्म्याच्या खाली आहे हे हजार ओळींच्या शीटला सांगताच येणार नाही. त्यासाठी निदान तेराएक हजार हव्यात.

ओळी किती ते आधी ठरवा आणि तिथेच थांबा. रिफ्रेश करत राहून आवडलेला आकडा टिपून घेणं म्हणजे शुद्ध लबाडी, नकळत केली तरी. इटलीच्या मारिओ लाझारिनी यांनी १९०१ मध्ये रेघांच्या कागदावर सुई ३,४०८ वेळा टाकून, ती किती वेळा रेघ ओलांडते त्यावरून पायची (π) किंमत ३.१४१५९२९ काढल्याचं जाहीर केलं. त्यांच्या हिशेबात सुईने १,८०८ वेळा रेघ ओलांडली होती. एकच सुई इकडची तिकडे पडली असती तर उत्तर ३.१४३ किंवा ३.१४० आलं असतं! फेकींची ही विचित्र संख्या बघून तज्ज्ञांनी शंका घेतली ती उगाच नाही.

बघितल्यावर विचारलेला प्रश्न

२०२३ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यापासून २०२५ च्या चॅम्पियन्स ट्रॉफीच्या अंतिम सामन्यापर्यंत भारताने सलग १५ वनडेंत नाणेफेक गमावली. ठरावीक पंधरा नाणेफेकी सगळ्या हरण्याची शक्यता ३२,७६८ मध्ये १. हा आकडा मोबाइलवर फिरला आणि नाण्यातच काहीतरी गडबड आहे इथपर्यंत गोष्ट गेली.

हजार ओळींच्या शीटवर हे करून बघितलं तर बहुधा शून्य येईल. शून्य म्हणजे अशक्य नव्हे. हजारात एकदाही घडलं नाही तर खरी शक्यता फार तर हजारात ३ आहे एवढंच म्हणता येतं. इतक्या दुर्मिळ गोष्टीसाठी सरळ गुणाकार करावा.

मोठी चूक मात्र प्रश्नात आहे. भारताचे नेमके हेच पंधरा सामने आपण आधी निवडले नव्हते. हरण्याची रांग लांबली म्हणून नजर तिकडे गेली. दुसऱ्या कुठल्या संघाची, दुसऱ्या कुठल्या वर्षी अशी रांग लागली असती तरी आपण इतकंच चकित झालो असतो. म्हणून सिम्युलेशन पूर्ण इतिहासाचं करावं लागतं: साडेचार हजारांहून जास्त वनडे, प्रत्येक सामन्यात एक संघ नाणेफेक हरणार, आणि प्रत्येक संघाच्या निकालांची स्वतंत्र रांग. कुठल्याही संघाने कधीतरी सलग पंधरा वेळा नाणेफेक हरण्याची शक्यता मग जवळपास १३ टक्के निघते. सलग पंधरा जिंकण्याचंही नवल वाटणार असेल तर दोन्ही मिळून २४ टक्के. असे हजार इतिहास पाडले तरी पुरतं, उत्तर दोनएक टक्क्यांच्या फरकाने हाती येतं.