पूलचा रोबोट ‘बिघडला’? आधी या चुका टाळा

बाणेर-वाकडच्या सोसायट्यांत आणि मुळशीकडच्या फार्महाउसवर पूल साफ करणारे रोबोट आता दिसू लागलेत. सोबत तक्रारही ठरलेली: “साहेब, मशीन फिरतंय पण कचरा उचलत नाही.” अशा वेळी बहुतेकदा मशीन ठणठणीत असतं, जाळी कुणी धुतलेली नसते.

फिल्टरची जाळी दर फेरीनंतर धुवायची, आठवड्यातून एकदा नव्हे. एप्रिल-मेमध्ये पूलशेजारी गुलमोहर किंवा सोनमोहर असेल तर पाकळ्या आणि गुलमोहराची बारीक पानं भिजून फिल्टरच्या घड्यांत चिकटतात. त्यात शेजारच्या बांधकामाची धूळ मिसळली की चिखलाचा लेप तयार होतो. तो ओला असताना पाइपच्या साध्या धारेने निघतो. रात्रभर वाळला की ब्रशने खरवडावा लागतो आणि जाळी फाटते. धार स्वच्छ बाजूने मळकट बाजूकडे मारा. गाडी धुवायचं प्रेशर मशीन इथे नको. धुतल्यावर जाळी उजेडात धरून बघा, आरपार दिसलं पाहिजे. बोअरच्या किंवा टँकरच्या जड पाण्यामुळे पांढरा थर बसला असेल तर पाणी घातलेल्या व्हिनेगरमध्ये थोडा वेळ बुडवून ठेवा. पूलवाले दादा टाइल्सचं ॲसिड हातात घेऊन येतील, त्यांना थांबवा.

जाळी स्वच्छ आहे आणि तरी ओढ नाही? मग इम्पेलर, म्हणजे पाणी ओढणारा आतला पंखा, बघा. आधी प्लग काढा, मगच झाकण उघडा. पंख्याच्या दांड्याला केस, दोरा, कधी राखीचा गोंडासुद्धा गुंडाळलेला सापडतो. चिमट्याने सोडवा. मशीन भिंतीवर चढत नसेल तर ब्रशचे दात झिजलेत का ते तपासा, आणि भिंतीवर हात फिरवा. शेवाळाने बुळबुळीत झालेल्या भिंतीवर नवा ब्रशही घसरतो. नुसतं तरंगत असेल तर आत हवा अडकली आहे. बुडबुडे थांबेपर्यंत पाण्यात हलवून मग सोडा.

एकाच जागी गोल फिरण्यामागे बहुतेकदा पिळलेली केबल असते. कोपरावर गुंडाळून खुंटीला टांगायची सवय सोडा. पीळ पडलाच असेल तर केबल पूर्ण लांब करून काही तास उन्हात पसरा, गरम झाली की सैल होते. मशीन बाहेर काढताना केबलने फक्त काठापर्यंत आणा, उचलायचं हँडलने.

“चालतंय का बघू” म्हणून कोरड्या जमिनीवर चालू करणं ही सगळ्यात महाग चूक. मोटरच्या सीलना पाण्याचाच गारवा मिळतो; कोरडं चाललं की ती खराब होतात.

रोबोट तळ घासतो, पाणी सुधारत नाही. हिरव्या पाण्यात तो दिवसभर फिरवलात तरी पाणी हिरवंच राहणार. पीएच ७.२ ते ७.६ ठेवा. क्लोरीनचा मोठा डोस देताना मशीन बाहेर काढा, पातळी उतरल्यावरच परत सोडा. नाहीतर रबर आणि प्लास्टिक लवकर कडक पडतं. तुरटी मारली असेल तर तळाशी बसलेला गाळ हाताच्या व्हॅक्यूमने थेट ड्रेनला काढा. रोबोटच्या जाळीत तो गाळ एक तर अडकून बसतो, नाहीतर आरपार जाऊन पुन्हा पाण्यात पसरतो. वळीव येऊन गेल्यावर मोठी पानं आणि काटक्या आधी हातजाळीने काढून टाका.

विजेच्या बाबतीत मात्र काटकसर नको. मशीनला कमी व्होल्टेज मिळतं, पण पॉवर बॉक्सला २३० व्होल्ट येतात. तो काठापासून किमान साडेतीन मीटर लांब, सावलीत, जमिनीपासून उंच ठेवा आणि ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीवरच (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) जोडा. लोंबकळणारा एक्स्टेंशन बोर्ड नको. मशीन चालू असताना पोरांना पाण्यात उतरू देऊ नका. काम झालं की मशीन बाहेर काढून सावलीत ठेवा, आठवडाभर पाण्यात पडू देऊ नका.

एवढं सगळं करूनही आरसीसीबी पुन्हा पुन्हा पडत असेल तर तो वर करत बसू नका. केबल चिरली असेल किंवा मोटरमध्ये पाणी शिरलं असेल. प्लग काढा आणि मशीन थेट सर्व्हिस सेंटरला द्या. वॉरंटीत असेल तर सोसायटीच्या इलेक्ट्रिशियनला मोटर उघडू देऊ नका.