कानाच्या पडद्याचं ऑपरेशन: निकाल लावायची घाई आणि इतर चुका टाळा

दहाव्या दिवशी कानातली पट्टी निघाली आणि मी घरी येऊन जाहीर केलं, ऑपरेशन फेल गेलं. कान आधीपेक्षा जास्त बंद, आत कुणी कापूस कोंबल्यासारखा. खरं तर कोंबलेलंच होतं. नवा पडदा जागचा हलू नये म्हणून आतून-बाहेरून विरघळणाऱ्या स्पंजचे तुकडे ठेवतात. ते जायला काही आठवडे लागतात. मधेच 'टुक' वाजतं, नाडीचे ठोके ऐकू येतात, तेही त्यातलंच. ऐकण्याची खरी तपासणी साधारण ३ महिन्यांनी. तोवर रोज मोबाइल कानाला लावून परीक्षा घेऊ नका. (मी घेतली. रोज नापास.)

पडदा बसला म्हणजे ऐकू आलंच, असं धरणं

ही चूक सगळ्यात महागात पडते. कानाच्या वरच्या स्नायूवरचं पातळ आवरण काढून त्याचं ठिगळ पडद्याच्या भोकाला लावतात, कधी कुर्चेचा (कानाच्या मऊ हाडाचा) तुकडा वापरतात. भोक मधोमध आणि कान कोरडा असेल तर शंभरातल्या ८५-९० जणांचं ठिगळ धरतं. पण ऐकू किती येईल, ते आतली तीन हाडं आणि कानाची नस ठरवते. आमच्या सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागाच्या खडखडाटात २५-३० वर्षं काढलेली माणसं आहेत. एखाद्याचा पडदा फाटलेला असतो आणि आवाजाने नसही गेलेली असते. ठिगळाने पहिलं दुखणं जातं, दुसरं नाही. मग "पैसे पाण्यात गेले" म्हणत बसतात.

म्हणून ऑपरेशनआधीचा ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीचा आलेख, नीट समजून घ्या. त्यात दोन रेषा असतात, एक हवेतून येणाऱ्या आवाजाची, एक हाडातून जाणाऱ्या. दोन्हींतलं अंतर म्हणजे ऑपरेशनने भरून निघू शकणारा भाग. हाडाची रेषच खाली असेल तर तेवढं कमी ऐकू येणं राहणार. डॉक्टरांना पेनाने दाखवायला सांगा, लाजू नका.

नाक शिंकरणं, शिंक दाबणं

नाकातली हवा घशामागच्या नळीने थेट मधल्या कानात जाते आणि ओलं ठिगळ आतून ढकलते. सर्दी झाली तर नाक हळूच पुसा, शिंक आली तर तोंड उघडं ठेवून येऊ द्या. आमच्या मामी "तोंडावर रुमाल दाब" म्हणायच्या, नेमकं उलटं. गड्ड्याच्या यात्रेतली धूळ आणि जानेवारीची थंडी, त्या दिवसांत ऑपरेशन असेल तर गर्दीत जाऊच नका.

पाण्याचंही तसंच. आंघोळीला व्हॅसलिन लावलेला कापूस कानाच्या तोंडाशी, नंतर काढून टाकायचा. मे महिन्यात विहीर खुणावते, पण डॉक्टरांनी पडदा पाहून हो म्हणेपर्यंत पोहणं बंद. लसणाचं कोमट तेल, काडी, चावी काहीही कानात नको. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांचं ठिगळ कमी टिकतं, हेही ऐकून ठेवा.

उगाच घाबरणं, आणि नको तिथे न घाबरणं

चावताना कानाच्या वर ओढ बसते, कारण आवरण तिथूनच काढलेलं असतं. कडक भाकरी मी दोन आठवडे आमटीत कुस्करून खाल्ली. शेंगा चटणीला जिभेच्या एका बाजूने लोखंडासारखी चव येत होती. चवीची एक नस कानातूनच जाते, ती दुखावली की असं होतं. बहुतेकांचं काही महिन्यांत सुधारतं. सुरुवातीला थोडं लालसर पाणी येणंही चालतं.

पण घाण वासाचा पू, ताप, वाढत जाणारं दुखणं, गरगरणं किंवा चेहऱ्याची एक बाजू ढिली पडणं, यातलं काहीही दिसलं तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. त्याच दिवशी जा, रविवार असला तरी.