म्हाताऱ्या बुवांना परत गायला बसवायचंय? आधी त्यांचंच त्यांना ऐकवा

गेल्या वर्षभरात चार-पाच जणांनी फोन करून एकच गोष्ट विचारली, की तुम्ही तुमच्या भजनी बुवांना गिटार-बेसबरोबर गायला तयार कसं केलंत, आमच्या वाड्यावर पण एक आहेत, सत्तरी कधीच ओलांडलीय, आवाज अजून खणखणीत आहे पण चतुर्थीच्या आरत्या सोडल्या तर आता कुठे गात नाहीत. प्रत्येकाला तासतासभर सांगितलं, आता एकदाच नीट लिहून काढतो.

मी गोव्यातल्या फोंडा तालुक्यातला. आठ-नऊ वर्षांचा होतो तेव्हा बुवांच्या मागे झांज घेऊन बसायचो, लय म्हणजे काय हे मला तिथेच कळलं, कुठल्या क्लासात नाही. पुढे गिटार हातात आली, बँड झाला, लग्नं-हॉटेलं सगळीकडे वाजवलं, पण सोलो वाजवताना बोटं जातात ती बुवांच्या गौळणीतल्या जागांवरच, म्हणजे सुरांच्या त्यांच्या खास वळणांवरच. तुमचंही असं कुणी असेल तरच या कामाला हात घाला, कारण ज्याने त्या माणसाला लहानपणापासून ऐकलंय त्यालाच माहीत असतं की या आवाजात नक्की काय होतं. बाहेरून आलेला चांगला अरेंजर असला तरी त्याला ते दिसत नाही, तो बुवांना 'आजच्या' साउंडमध्ये बसवायला बघतो आणि मग बुवाही राहत नाहीत आणि आजचंही काही होत नाही.

ऐकून वाढलेल्याने जुन्या कलाकाराला परत उभं करायचं, हे जगात सगळीकडे झालंय. अमेरिकेतल्या लोरेटा लिन या कंट्री गायिकेचा 2004 सालचा 'व्हॅन लिअर रोझ' हा अल्बम रॉक गिटारिस्ट जॅक व्हाइटने प्रोड्यूस केला, त्या सत्तरीच्या आणि हा अजून तिशीच्या आत, पण त्याआधी 2001 साली त्याच्या बँडने आपला एक अख्खा अल्बम त्यांनाच अर्पण केला होता, म्हणजे भक्त होता तो. गाणी त्यांनी स्वतः लिहिलेली, गिटार त्याची, आणि दोन ग्रॅमी मिळाले. क्यूबात 1996 साली हुआन दे मार्कोस या चाळिशीतल्या माणसाने जुन्या म्युझिशियन लोकांना शोधून शोधून हवानाच्या स्टुडिओत आणलं, त्यातले इब्राहिम फेरर तर तेव्हा बूटपॉलिश करून दिवस काढत होते, आणि पियानोवाले रुबेन गोन्सालेस यांच्या घरी वाजवायला पियानोच नव्हता. सहा दिवसांत 'बुएना व्हिस्टा सोशल क्लब' हा अल्बम रेकॉर्ड झाला. आणि एवढं लांब कशाला, आपल्या कोंकणी गायिका लॉर्ना वीसहून जास्त वर्षं गप्प होत्या, त्यांना 1995 मध्ये संगीतकार रॉनी मोन्सेराट यांनी परत माइकसमोर उभं केलं आणि 'हॅलो लॉर्ना' हा अल्बम आला. लॉर्नांचा आवाज काय होता हे आपल्या म्युझिशियन लोकांच्या कानात होतं म्हणूनच ते झालं.

तर सुरुवात स्टुडिओ बुक करून करायची नाही, सुरुवात कॅसेटपासून करायची. प्रत्येक बुवांची कुणाकडे ना कुणाकडे एखादी कॅसेट असतेच, जत्रेत टेपरेकॉर्डरवर घेतलेली, कुणाच्या तरी माडीवर ट्रंकेत पडलेली. आमच्याकडच्या हवेत कॅसेटला बुरशी धरते, टेपवर पांढरे ठिपके दिसले तर तशीच डेकमध्ये घालू नका, हेड पण जाईल आणि टेप पण तुटेल, आधी जाणकाराकडून साफ करून घ्या. मग डेकच्या लाइन-आउटमधून ऑडिओ इंटरफेसमध्ये, म्हणजे आवाज कॉम्प्युटरमध्ये घेणाऱ्या डब्यात घ्यायचं, 24 बिटमध्ये, आणि पहिल्याच प्लेला रेकॉर्ड चालू ठेवायचं कारण दुसऱ्यांदा ती टेप चालेलच याची खात्री नसते. आणि एक लक्षात ठेवा, जुन्या डेकचा स्पीड इकडेतिकडे असतो, त्यामुळे कॅसेटवर पट्टी, म्हणजे पेटीच्या ज्या सुराला षड्ज धरून गातात ती, जी ऐकू येते ती खरी असेलच असं नाही, "बुवा तुम्ही तेव्हा काळी दोनला गायचात" असं छातीठोक सांगायला जाऊ नका.

ते घेऊन बुवांच्या घरी जायचं. प्रोजेक्ट, अल्बम, चॅनल यातला एकही शब्द काढायचा नाही, फक्त ऐकवायचं. आमच्या बुवांनी पहिली पाच मिनिटं काहीच प्रतिक्रिया दिली नाही, खिडकीबाहेर बघत बसले. मग एका जागेवर मान वळवली आणि म्हणाले, "हांव अशें गायतालों?" (मी असा गायचो?) आणि मग, "परत लाय." ती जागा आम्ही सात-आठ वेळा ऐकली.

मग मी गिटार काढली आणि तीच जागा वाजवून दाखवली, वीस वर्षं जशी वाजवत आलो तशी. बुवा म्हणाले, चुकतोस, पंचमावरून सरळ खाली येत नाही तू म्हणतोस तसं, मध्यमावर थांबून मग गंधाराला नुसतं शिवायचं. आणि गाऊन दाखवली. तीनदा. त्या दिवशी त्यांनी स्वतःहून पेटी पुढे ओढली. त्यांच्याकडून काय उचललंय ते त्यांच्यासमोर मांडा, त्यांना दुरुस्त करू द्या. मुद्दाम चुकायची गरज नाही, आपण खरंच चुकलेले असतो.

आता पट्टी. बुवा तरुणपणी काळी एकला गायचे, आता काळी पाचला आरामात बसतात, म्हणजे तीन पट्ट्या खाली. हे त्यांना "वय झालंय, खाली घेऊया" असं कधीही सांगायचं नाही. मी एवढंच म्हटलं की बुवा, गिटारला काळी पाच बरी पडते, कॅपो, म्हणजे सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा, पहिल्या फ्रेटवर लावला की ए-च्या शेपमध्ये सगळं मोकळं वाजतं, आणि हे खोटं नाही, खरंच बरं पडतं. खालच्या पट्टीत त्यांच्या आवाजाला जो खर्ज मिळाला तो चाळीस वर्षांपूर्वीच्या कॅसेटवर नाही, नवीन काही असेल तर ते हेच.

पहिल्या दिवशी आम्ही तासभर वाया घालवला तो ट्यूनिंगमध्ये. बुवा सारखे थांबून म्हणायचे, कोण तरी बेसूर आसा, आणि आम्ही तिघं आपापले ट्यूनर बघून सांगायचो की आमचं बरोबर आहे. शेवटी ट्यूनर पेटीसमोर धरला तर पेटीच अठरा सेंट चढी निघाली (शंभर सेंट म्हणजे पेटीची एक पट्टी). जुनी पेटी आहे, सुरांची जोडणी तेव्हाची. इथे बऱ्याच जणांची पहिली चूक होते, ते पेटी बाजूला ठेवून बुवांसमोर कीबोर्ड देतात. नाही, पेटी त्यांचा अर्धा आवाज आहे, भात्याचा श्वास आणि गाण्याचा श्वास एकच असतो. ट्यूनरचा रेफरन्स 440 हर्ट्झवरून 444-445 च्या आसपास न्या, बुवांच्या पट्टीतला षड्ज आणि पंचम लावून बघा, त्याला गिटार-बेस मिळवा, कीबोर्डचं मास्टर ट्यून चढवा, तानपुऱ्याचं अॅपही तिथेच आणा. दहा मिनिटांचं काम आहे.

कॉर्ड्सचं सांगतो कारण गिटारवाले इथेच घोळ करतात, मी पण केला. अभंग भीमपलासात, बुवा कोमल गंधार लावतायत आणि मी सवयीने षड्जावर मेजर कॉर्ड, ज्यात शुद्ध गंधार असतो, वाजवून मोकळा. दोन गंधार एकमेकांवर आपटले. बुवांनी गाणं थांबवलं नाही पण चेहरा उतरला. तेव्हापासून आम्ही कॉर्डमधला गंधार काढूनच टाकला, गिटारवर नुसता षड्ज-पंचम, बेसने षड्ज धरून ठेवायचा, आणि भरायचं ते फक्त बुवा श्वास घेतात तेवढ्या जागेत. ऐकायला फार कमी वाटेल, मिक्समध्ये तेच मोठं वाटतं.

क्लिक ट्रॅक, म्हणजे हेडफोनमधली एकाच वेगाची टिकटिक, लावू नका. कृपा करून लावू नका. भजनाची लय सरळ रेषेत चालत नाही, ती चढत जाते, पखवाजवाला आणि बुवा नजरेने ठरवतात कधी उचलायचं. आमचा एक अभंग मी नंतर मोजला तर मिनिटाला 80 ठोक्यांना सुरू होऊन शेवटच्या गजरात 120 च्या पुढे गेला होता आणि ऐकताना कुठेही धक्का बसत नाही. बुवा, पखवाज, झांज हे एकत्र एका खोलीत वाजवून घ्या, बेस-गिटार जमलं तर तेव्हाच, नाही जमलं तर नंतर वरून. टेम्पो मॅप, म्हणजे लय कुठे किती चढली याचा आराखडा, सॉफ्टवेअरमध्ये मागाहून काढता येतो. आणि मागे बसणारी झांजवाली माणसं त्यांचीच असू देत, तीस वर्षं ती लय धरलेली माणसं आहेत, त्यांना वगळून झांजेचे तयार सँपल लावलेत तर बुवा मधेच उठून जातील आणि त्यांचं काहीच चुकणार नाही.

माइकचं फार डोकं लावू नका, आवाजाला एक, पेटीला भात्यापासून जरा लांब एक, पखवाजाला दोन, आणि खोलीचा एक. हेडफोन एकाच कानाला द्या, दुसरा उघडा. घुमट, म्हणजे मडक्याच्या तोंडावर कातडं ताणलेलं वाद्य, घेणार असाल तर, आणि गोव्यात घ्यावंच, 2019 पासून ते आपलं राज्याचं वारसा वाद्य आहे, बकऱ्याच्या कातड्याचं घ्या, पूर्वीसारखं घोरपडीचं नको, घोरपड 1972 च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे. पावसात घुमट उतरतं, कौलांवर पाऊस पडला की रेकॉर्डिंगही होत नाही. श्रावणात तर विचारूच नका, नागपंचमी झाली की वास्कोचा दामोदर सप्ताह, मग गावोगावची भजनं, मग चतुर्थी, सगळ्यांचे गळे बसलेले. आम्ही जानेवारीत केलं, सकाळी दहाला, चहा झाल्यावर. दोन तास, त्याहून जास्त नाही. आणि पहिला टेक कधीही पुसू नका, बुवांचा पहिला किंवा दुसराच टेक खरा असतो, पाचव्याला ते आपल्याला खूश करायला गायला लागतात.

ऑटोट्यूनबद्दल, म्हणजे गायलेला सूर आपोआप सरळ करणाऱ्या सॉफ्टवेअरबद्दल, मला मनापासून बोलायचंय. आमच्या आधी एका स्टुडिओने बुवांचे दोन अभंग घेतले होते, न विचारता आवाजावर ट्यूनिंग चालवलं आणि तसंच देऊन टाकलं. मींड जिथे हळूच सरकते तिथे पायऱ्या पडल्या होत्या. बुवांनी ऐकलं, "हें म्हजें न्हय" म्हणाले आणि त्यानंतर दोन वर्षं कुणासाठीच माइकसमोर बसले नाहीत. मला अजून त्याचा राग येतो. थरथरलेला सूर राहू द्या, श्वास राहू द्या. मिक्स झाला की आधी त्यांना त्यांच्याच घरी ऐकवा, आणि ते नको म्हणाले तर नको.

पैशाचं पहिल्याच आठवड्यात बोला. लाज वाटते पण बोला. तुकोबांचे शब्द सगळ्यांचे, पण चाल बुवांनी बांधली असेल तर ती त्यांची, कायद्याने हयातभर आणि पुढे साठ वर्षं त्यांच्या घरच्यांची, आणि गायलेल्यावर कलाकाराचा हक्क पन्नास वर्षांचा. चाल दुसऱ्या बुवांची असेल तर त्यांच्या घरी जाऊन विचारा, नाव द्या. एक पानी मराठीत लिहा, कुणाला किती, कुठे वापरणार, वाचून दाखवा, सही घ्या, एक प्रत त्यांच्या कपाटात. आमच्याकडे बुवांचा वाटा सगळ्यात मोठा आहे, झांजवाल्यांनाही दिवसाची बिदागी दिली, आणि अपलोड करताना बुवांचं नाव आधी आणि बँडचं नंतर. काही पोरांना हे खटकतं. ज्यांच्या जागा आपण इतकी वर्षं वाजवत आलो त्यांचं नाव दुसरं लिहायचं कसं, हे मला तरी समजत नाही.

रिलीज आम्ही देवळाच्या सभामंडपात केला, दोन स्पीकर, गावची माणसं, बुवा पुढे बसलेले. मग ऑनलाइन टाकलं. पुढच्या जानेवारीसाठी बुवांनी आपणहून तीन चाली काढून ठेवल्यात, आणि बेसवाल्या पोराला निरोप पाठवलाय की येताना दुसऱ्या गौळणीचा अंतरा पाठ करून ये, शब्दांसकट.