स्लॅबखालचं घर आणि विदर्भातला उन्हाळा : या चुका टाळा

नागपूर, अकोला, चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास गेला की आधी मशीन बदललं जातं. छोट्या कूलरच्या जागी मोठा येतो, त्यानंही भागलं नाही तर दीड टनाचा एसी. पण वरच्या मजल्यावर खरा त्रास छताचा असतो. काँक्रीटचा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री उशिरापर्यंत ती धग खाली सोडत राहतो. तो तसाच ठेवून मशीन वाढवलं, की वाढतं ते बिल.

हिरवी जाळी थेट स्लॅबवर अंथरणं. जाळी तापते आणि तिची उष्णता खाली उतरते. खरा फायदा जाळीखालून वारा खेळल्यावर मिळतो. पाइपांचा सांगाडा उभारून ७५ टक्के सावलीची जाळी सहा-सात फुटांवर ताणा. कडा दोरीनं पक्क्या बांधा, नाहीतर पहिल्याच वादळात ती शेजारच्या गच्चीवर सापडेल.

भर दुपारी गच्चीवर पाणी ओतणं. तापलेला पृष्ठभाग एकदम आकसतो, बारीक भेगा रुंदावतात आणि त्याचा हिशेब जुलैत गळतीनं चुकता होतो. शिवाय पाणी लगेच वाळून जातं. मारायचंच असेल तर सूर्य मावळल्यावर, हलकं शिंपडा.

त्याहून स्वस्त आणि खात्रीचा उपाय म्हणजे गच्ची पांढरी करणं. चुना रात्रभर भिजवून गाळा, दुधाइतका पातळ करा, थोडा सिंथेटिक गोंद मिसळा आणि ओलसर स्लॅबवर संध्याकाळी दोन पातळ हात द्या. जाड थर दिला तर पोपडे सुटतात. चुना पावसात धुऊन जातो, म्हणजे दरवर्षीचं काम आलं. उष्णता परावर्तित करणारा रंग काही वर्षं टिकतो, पण धूळ-शेवाळ खरवडून आणि भेगा भरून मगच तो लावा. एप्रिलअखेरीस एकदा झाडून-धुऊन घ्या. धुळीनं राखाडी झालेली गच्ची उन्हाला पांढरी वाटत नाही.

पश्चिमेच्या खिडकीला आतून जाड पडदा. काचेतून ऊन आत शिरलं की पडद्याला ते फारसं परतवता येत नाही. बांबूची चिक किंवा जाळी खिडकीच्या बाहेरून लावा.

दारं-खिडक्या बंद करून कूलर लावणं. सगळ्यात जास्त तक्रारी इथेच येतात: ‘कूलर चालू आहे, पण चिकचिक होते.’ कूलर बाहेरची कोरडी हवा ओली करून आत ढकलतो. ती बाहेर पडायला वाट नसेल तर खोलीत नुसता दमटपणा साचतो. ताशी ४,००० घनमीटर हवा फेकणाऱ्या कूलरसाठी समोरच्या, सावलीच्या बाजूला साधारण चार-पाच चौरस फूट उघडं ठेवा. कूलरची पाठ खिडकीबाहेर हवी.

तरीही गार हवा येत नसेल तर ताट्या, म्हणजे कूलरच्या बाजूंचे गवताचे पॅड, बघा. वरच्या पन्हाळीची भोकं क्षारांनी बुजतात, गवताचे काही पट्टे कोरडे राहतात आणि हवा नेमकी तिथूनच गरमागरम आत येते. भोकं तारेनं मोकळी करा, दबलेलं गवत बदला. पंखा लावण्याआधी दहा मिनिटं नुसता पंप चालवा. बोअरच्या पाण्यावर टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करा, नुसतं वरून भरत राहिलात तर क्षार वाढतच जातात. डासांच्या अळ्यांचाही बंदोबस्त होतो. पाणी भरताना प्लग काढलेलाच हवा, अर्थिंग तपासलेलं हवं आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवलेला हवा. कूलरचा शॉक जिवावर बेततो, इथे काटकसर नको.

जूनमध्ये हवेत ओल आली की कूलरची ताकद संपते. तेव्हा पंप बंद ठेवा.

कूलर आणि एसी एकत्र. कूलरनं हवेत मिसळलेलं पाणी एसीला परत काढावं लागतं. लिटरमागे साधारण पाव युनिट वीज त्यातच जाते. एक काहीतरी निवडा. कोरड्या दिवसांत कूलरच परवडतो: २०० वॉटचा कूलर दहा तासांत दोन युनिटं घेतो, दीड टनाचा एसी भर उन्हाळ्यात दहाच्या आसपास.

एसी १८ वर ठेवणं. आकडा खाली नेला म्हणून खोली लवकर गार होत नाही, कॉम्प्रेसर फक्त जास्त वेळ चालतो. २६ अंश आणि सोबत पंखा पुरेसा होतो. पंखा जुना असेल तर ७५ वॉट खातो, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) ३० वॉटच्या आसपास. रोज १५ तास चालणाऱ्या पंख्यामागे महिन्याला २० युनिटं वाचतात. पंखा मंद झाला असेल तर मात्र आधी कपॅसिटर बदलून पाहा.

दर उन्हाळ्यात ‘गॅस भरून’ घेणं. एसीतला गॅस वापरून संपत नाही. कमी झाला म्हणजे कुठेतरी गळतो आहे, बहुतेकदा तांब्याच्या नळीच्या नटाच्या जोडावर. साबणाच्या फेसानं किंवा नायट्रोजनच्या दाबानं गळती शोधून ती बंद केल्याशिवाय भरू देऊ नका. नळीवर बर्फ दिसला तर एसी बंद करून नुसत्या पंख्याच्या मोडवर बर्फ वितळू द्या आणि फिल्टर धुवा. फिल्टर स्वच्छ असूनही बर्फ पुन्हा धरला, तरच मेकॅनिक बोलवा.