फाइलसिस्टिममध्ये नवं फीचर सुचवताय? या चुका टाळा

ॲपमधलं फीचर फसलं तर पुढच्या आवृत्तीत काढून टाकता येतं. फाइलसिस्टिम म्हणजे डिस्कवर फाइली मांडून ठेवण्याची पद्धत; तिथे मात्र एखादा फॉर्मॅट एकदा लिहिला गेला की तो वाचणारा कोड कुणाला तरी वर्षानुवर्षं सांभाळावा लागतो. लिनक्ससाठी प्रस्ताव लिहिणारे उत्साहाच्या भरात हेच विसरतात.

सगळ्यात महागात पडते ती फक्त कर्नलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा, विचार करण्याची चूक. तीच डिस्क संगणक सुरू करून देणारा बूटलोडर वाचतो, दुरुस्तीचं टूल वाचतं, पेनड्राइव्हवरून थेट चालणारा जुना लाइव्ह यूएसबीही वाचतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये ईएक्सटी४ या लिनक्सच्या फाइलसिस्टिमसाठीच्या टूल्सचा संच ई२एफएसप्रॉग्ज १.४७.० आला आणि नव्या ईएक्सटी४ पार्टिशनवर 'मेटाडेटा चेकसम सीड' (फाइलसिस्टिमच्या स्वतःच्या नोंदी पडताळणाऱ्या चेकसमशी संबंधित फीचर) आपोआप चालू होऊ लागलं. मूळ ग्रब २.०६ या बूटलोडरला ते ठाऊकच नव्हतं. ग्रब ते चेकसम तपासतही नाही, पण त्या फीचरची डिस्कवरची खूण, म्हणजे फ्लॅग, 'इनकम्पॅट' (अनोळखी असेल तर हात लावू नका) गटातली असल्याने त्याने पार्टिशन वाचायलाच नकार दिला. असं अडकलात तर लाइव्ह यूएसबीवरून, पार्टिशन माउंट न करता, ट्यून२एफएस या टूलने ते फीचर काढता येतं. म्हणून आपला फ्लॅग कोणत्या गटात जाणार, हे प्रस्तावात सुरुवातीलाच लिहा: अनोळखी असला तरी चालेल, फक्त वाचता येईल, की हातच लावायचा नाही?

दुसरी चूक, मध्येच वीज गेली तर काय होईल ते न सांगणं. २००९ च्या सुमारास ईएक्सटी४ च्या डिलेड अलोकेशनमुळे (डिस्कवर जागा देणं थोडं पुढे ढकलण्यामुळे) क्रॅशनंतर फाइली शून्य बाइटच्या झालेल्या सापडत. ॲप्स एफसिंक (डेटा डिस्कवर पक्का लिहायला लावणारी आज्ञा) न करताच नवी फाइल जुनीच्या जागी रीनेम करत होती. शेवटी कर्नल २.६.३० मध्ये या सवयीची दखल घ्यावी लागली.

आधीपासून असलेल्या डेटाचाही विचार हवा. कर्नल ५.२ मध्ये (२०१९) ईएक्सटी४ ला कॅपिटल-स्मॉल भेद न मानण्याची सोय मिळाली, पण ती फक्त रिकाम्या डिरेक्टरीवर चालू करता येते. मला हा निर्णय फार शहाणपणाचा वाटतो, कारण आत आधीच 'फोटो' हे नाव दोन्ही प्रकारच्या इंग्रजी अक्षरांत असेल, तर कोणती फाइल खरी धरायची? देवनागरीत कॅपिटल नाही म्हणून आपण सुटलो असंही समजू नका. 'दऱ्या'मधला ऱ एकाच यूनिकोड चिन्हाने लिहिता येतो, तसाच र ला नुक्ता (खालचा टिंब) जोडूनही. लिनक्स नावाकडे निव्वळ बाइट म्हणून बघतं, त्यामुळे साध्या डिरेक्टरीत हुबेहूब एकाच नावाच्या दोन फाइली तयार होतात. नावांशी संबंधित काहीही सुचवताना हे उदाहरण चाचणीत घालाच.